वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ऑर्किड

अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी अकोट, अडगाव, हिवरखेड अशी स्टेशनं घेत सातपुड्याला लागायची. हिवरखेडच्या पुढचं स्टेशन वान रोड. तिथून मेळघाटचं रान सुरू. हे रान पानझडीचं. मे महिन्यात सागाला पान नसतं, नाले कोरडे पडलेले असतात आणि दगडाला हात लावता येत नाही. ऐन अशा दिवसांत इथल्या एखाद्या आंब्याच्या किंवा मोहाच्या फांदीवर जाड, मधोमध दुमडलेल्या हिरव्या पानांचा झुपका दिसतो. खाली माती नाही, वर पाणी घालणारं कुणी नाही, तरी त्याच सुमारास त्याला फुलांचा दांडा येतो. पिवळसर तपकिरी पाकळ्या, त्यांवर चौकटींची नक्षी, मधली पाकळी निळसर जांभळी आणि जवळ गेलं तर मंद वास. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव व्हँडा टेसेलाटा. वऱ्हाडचं हे घरचं ऑर्किड.

गावात मात्र त्याची ओळख बरेचदा चुकते. झाडावर वाढलेलं झाड म्हणजे बांडगूळ, असा सरळ हिशेब करून कोयता चालवला जातो. खरं बांडगूळ आपली मुळं सालीच्या आत घुसवतं आणि आंब्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. जिथे ते चिकटलेलं असतं तिथे फांदीला मोठी गाठ येते, फुलं केशरी, नळीसारखी असतात. व्हँडाची मुळं सालीला नुसती धरून राहतात. पाणी पावसाचं आणि दवाचं, खत म्हणाल तर सालीच्या खाचेत कुजलेला पाला. आंब्याच्या बहरावर त्याचा काही परिणाम होत नाही. शेतातला आंबा वाळला किंवा तोडावा लागला, तर त्यावरचा झुपका मुळांसकट सोडवून मृगाच्या तोंडी शेजारच्या झाडाला सुताच्या दोरीनं बांधून ठेवावा. पावसाळा संपेपर्यंत नवी मुळं सालीला धरतात आणि दोरी आपोआप कुजून पडते.

या झाडाचं नाव जगभर गेलं, ही गोष्ट वऱ्हाडात फारशी कुणाला ठाऊक नसते. कलकत्त्यात न्यायाधीश असलेले आणि एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स यांना वनस्पतींचाही नाद होता. बंगालमध्ये झाडांवर वाढणाऱ्या या ऑर्किडसाठी त्यांनी संस्कृतातलं ‘वंदा’ हे नाव नोंदवलं आणि १७९५ साली ते ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आलं. पुढे व्हँडा हे एका अख्ख्या प्रजातीचं नाव झालं. ईशान्य भारतातला प्रसिद्ध निळा व्हँडा याच प्रजातीतला. १९८१ साली सिंगापूरनं राष्ट्रीय फूल म्हणून निवडलेलं ‘व्हँडा मिस जोकिम’ हेही याच नावानं ओळखलं जातं. बंगालच्या वैद्यकात व्हँडाची मुळं रास्ना म्हणून वापरली गेली.

जगात ऑर्किडच्या सुमारे २८ हजार जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०१९ साली देशातल्या ऑर्किडची नोंद प्रसिद्ध केली, त्यात १,२५६ जाती आहेत आणि त्यांतल्या ३८८ भारताबाहेर कुठेच सापडत नाहीत. सर्वांत श्रीमंत राज्य अरुणाचल. महाराष्ट्रातल्या ऑर्किडचा जुना आधारग्रंथ म्हणजे फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा, १९६६ साली निघालेला. फादर सांतापाव मूळचे स्पेनचे, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवायचे. सह्याद्री त्यांनी पायी पालथा घातला. सह्याद्रीच्या मानानं वऱ्हाडात ऑर्किड कमी, पण अगदीच दुष्काळ नाही. पावसाळ्यात मेळघाटच्या गवतात जमिनीतून उगवणारी हॅबेनारिया आणि युलोफिया ही ऑर्किडंच. ती पावसाळ्यात पानं-फुलं दाखवतात आणि उरलेलं वर्ष कंदाच्या रूपात जमिनीखाली काढतात. ती कुंडीत सहसा जगत नाहीत. मुळात जंगलातून आणायचीच नाहीत. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथलं पानही उचलायला मनाई आहे. ऑर्किडच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत.

घरात आणायचं ऑर्किड म्हणजे रोपवाटिकेत वाढवलेलं. अलीकडे गृहप्रवेशाला, वाढदिवसाला गुच्छाऐवजी फुललेलं ऑर्किड देण्याची पद्धत अकोला-अमरावतीत रुळली आहे आणि तिथून ती तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे. ही कुंडी बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिसची असते: खाली चार-सहा रुंद, मांसल पानं, मधून कमानीसारखा वाकलेला दांडा आणि त्यावर ओळीनं पांढरी किंवा गुलाबी फुलं. महिना-दोन महिने ती टिकतात. मग फुलं गळतात, मार्च येतो, पानं मऊ पडतात आणि मेअखेर कुंडी गच्चीवर उलटी होते. दोष उन्हाळ्याला दिला जातो.

उन्हाळ्याचा दोष आहेच, पण अर्धा. फॅलेनॉप्सिसचं मूळ घर फिलिपाईन्स आणि इंडोनेशियाची दमट जंगलं. तिथेही ते झाडाच्या सालीवरच वाढतं. म्हणजे त्याला हवा ओली लागते आणि मुळं मोकळी. हिवरखेडच्या बैठकीत त्याला नेमकं उलटं मिळतं: हवा कोरडी ठणठणीत आणि मुळं पाण्यात बुडालेली. पानं सुरकुतली की घरातल्यांना वाटतं झाडाला तहान लागली, म्हणून आणखी पाणी घातलं जातं. प्रत्यक्षात मुळं आधीच कुजलेली असतात आणि पाणी असूनही झाडाला ते ओढता येत नाही.

मुळांची रचना कळली की निम्मं काम झालं. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळावर मेलेल्या पेशींचं जाड पांढरट वेष्टन असतं. पावसाची सर आली की ते टीपकागदासारखं क्षणात पाणी पितं आणि मग सावकाश आतल्या जिवंत मुळाला देतं. कोरडं मूळ रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं होतं, कारण आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. पाणी कधी घालायचं याचं याहून चांगलं मोजमाप नाही. म्हणूनच जाणकार फॅलेनॉप्सिस पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत ठेवतात: मुळं रुपेरी झाली की पाणी, हिरवी असतील तर थांबायचं. दर मंगळवारी-शनिवारी पाणी, असं वेळापत्रक लावणाऱ्यांचीच झाडं जास्त मरतात.

दुसरी गंमत रात्रीची. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून हवा घेतात. फॅलेनॉप्सिस आणि व्हँडा यांनी, निवडुंगासारखं, हे काम रात्रीवर टाकलं आहे. दिवसा रंध्रं मिटलेली, त्यामुळे पाणी उडून जात नाही. रात्री गारव्यात ती उघडतात. मेळघाटचा व्हँडा मे महिना काढतो तो या युक्तीवर. पण यातून घरच्या ऑर्किडसाठी एक अडचणही निघते. रात्रीसुद्धा हवा तापलेली आणि कोरडी असेल, तर झाडाला श्वास घ्यायला वेळच उरत नाही. टिनाच्या छताखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेलं ऑर्किड याच कारणानं जातं, मग दुपारी कितीही पाणी शिंपडा. जुन्या धाब्याच्या घरातली जाड मातीच्या भिंतींची खोली या बाबतीत नव्या स्लॅबच्या घरापेक्षा केव्हाही सरस.

आता कुंडीत काय भरायचं. माती मुळीच नाही. कापसाची काळी जमीन तर ऑर्किडला विषासमान. ओली झाली की हवा जायला तसूभर जागा ठेवत नाही. परदेशात पाइनच्या सालीचे तुकडे वापरतात, ते आता ऑनलाइन मिळतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. लाकडी कोळसा, भाजलेल्या विटांचे सुपारीएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, एवढ्यात काम भागतं. नारळाची सोडणं आधी दोन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून घ्यावीत. त्यांत क्षार असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी सोडणांचा वाटा थोडा वाढवावा, पावसाळ्यात कुजण्याचा धोका वाटला तर विटा-कोळसा वाढवावा. दुकानातून आलेलं फॅलेनॉप्सिस बहुधा शेवाळात घट्ट बांधलेलं असतं. ते शेवाळ रोपवाटिकेच्या नियंत्रित हवेत बरोबर काम करतं. घरी आलं की बाहेरून कोरडं आणि आत चिकचिकीत राहतं. फुलं गळाली की ते काढून टाकून झाड नव्या भरावात बसवणं, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपचार. कुजलेली मुळं पोकळ आणि तपकिरी असतात, दाबली की साल निघून येते. ती निर्जंतुक कात्रीनं कापावीत. पुढे दीड-दोन वर्षांनी भराव बदलावा लागतो, कारण सोडण कुजून बारीक होतं.

पाण्याचा प्रश्न वऱ्हाडात वेगळाच आहे, आणि परदेशी पुस्तकात त्याचं उत्तर नसतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी बरं असतं. दक्षिणेला पूर्णेकडे जावं तसं विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं होत जातं. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण टीडीएस मीटरवर मोजतात. मीटर काही शे रुपयांत मिळतो. ऑर्किडला २०० पर्यंतचा आकडा उत्तम, ३००-४०० ला काळजी घेत चालतं, त्यापुढे मुळांची टोकं काळी पडू लागतात आणि पानांचे शेंडे जळतात. खारपाणपट्ट्यात हजाराच्या पुढचा आकडा नवलाचा नाही. असं पाणी माणसाला नको, तसं ऑर्किडलाही नको.

उपाय हातात आहेत. वान धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर आधी ते मोजून पाहावं. घरात आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी चालतं. त्याच्या नळीतून वाहून जाणारं टाकाऊ पाणी मात्र कधीच नाही, कारण सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. सर्वांत चांगलं पाणी आभाळातलं. १०० चौरस फूट टिनावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ९० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्यायचं आणि नंतरचं झाकणाच्या ड्रममध्ये, अंधारात, डास शिरणार नाहीत असं साठवायचं. चार कुंड्यांना उन्हाळाभरात लागेल त्याहून फार जास्त हे नाही, पण कमीही नाही; एका चांगल्या सरीचं काम आहे.

पाणी घालायचं ते सकाळी, भरपूर, कुंडीच्या खालून वाहून जाईपर्यंत. मग ते पूर्ण निथळू द्यायचं. ताटलीत साठलेलं ओतून टाकायचं. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी राहिलं तर कापसानं टिपून घ्यावं, नाहीतर तिथूनच कुज सुरू होते आणि फॅलेनॉप्सिसला दुसरा शेंडा नसतो. एप्रिल-मेमध्ये एक-दोन दिवसांआड, थंडीत आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात मुळांकडे बघून, असा ढोबळ अंदाज. इंटरनेटवर कुंडीत बर्फाचे तुकडे ठेवण्याची युक्ती फिरते. ती अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी लोकांनी जास्त पाणी घालू नये म्हणून काढली. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात बर्फाचे तीन खडे म्हणजे झाडाची थट्टा.

हवेतल्या ओलाव्याची मदत मात्र वऱ्हाडात घराघरात उभी आहे: कूलर. ऑर्किडला ५० ते ७० टक्के आर्द्रता आवडते. अकोल्यात मे महिन्यातल्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास उतरते. एअर कंडिशनर हवा आणखी कोरडी करतो. डेझर्ट कूलर ती ओली आणि गार, दोन्ही करतो. हवा जितकी कोरडी तितका कूलर जोरात काम करतो, म्हणून दमट मुंबईपेक्षा इथे त्याचा उपयोग जास्त. ऑर्किड कूलरच्याच खोलीत ठेवावं, पण झोताच्या समोर नको. झोतात कळ्या गळतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडाला घालण्याचा मोह होतो. ताटीवर जमलेला पांढरा थर बघावा आणि तो मोह सोडावा: पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. कूलर बंद असताना पसरट परातीत वाळूचे खडे, त्यात थोडं पाणी आणि खड्यांवर कुंडी, म्हणजे बूड पाण्याला न लागता भोवतीची हवा ओली राहते. कुंड्या एकेकट्या ठेवण्यापेक्षा चार-पाच झाडं जवळजवळ ठेवली तरी फरक पडतो.

उजेडाचं गणित पानांवर लिहिलेलं असतं. फॅलेनॉप्सिसचं पान पोपटी-हिरवं असावं. गर्द काळपट हिरवं झालं तर उजेड कमी, फुलं येणार नाहीत. पिवळट किंवा लालसर झालं तर जास्त. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची, आठ-नऊपर्यंतचं कोवळं ऊन अंगावर आलं तरी हरकत नाही. दक्षिणेच्या खिडकीला पांढरा पडदा हवा. पश्चिमेची खिडकी फेब्रुवारीपासून वर्ज्य. वऱ्हाडातलं दुपारचं थेट ऊन अर्ध्या तासात पानावर पांढरा डाग पाडतं आणि तो डाग कधी भरून येत नाही.

झाडाची निवड हाच खरा कळीचा प्रश्न, आणि तिथे लोक फुलाच्या रंगाकडे बघून चुकतात. वऱ्हाडच्या घरासाठी पहिली पसंती डेंड्रोबियमला द्यायला हवी. उसासारखी उभी, पेराची खोडं, शेंड्याजवळ फुलांचे तुरे. लग्नाच्या स्टेजवर आणि हॉटेलच्या टेबलावर दिसणारी जांभळी-पांढरी फुलं बहुतेक ‘सोनिया’ या डेंड्रोबियमच्या जातीची असतात. थायलंडमधली ही संकरित डेंड्रोबियम उष्णता सोसतात, खोडात पाणी साठवतात आणि एखादा हप्ता दुर्लक्ष झालं तरी रागावत नाहीत. त्यांना उजेड मात्र जास्त लागतो. ओसरीत ५० टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली ती खोलीपेक्षा जास्त सुखी असतात. म्हातारी, पानं गळालेली खोडं कापू नयेत. नव्या फुटव्याला ती पोसतात आणि कधी कधी त्यांच्यावरही तुरा येतो.

फॅलेनॉप्सिस दुसऱ्या क्रमांकावर. ते खोलीत राहतं, कमी उजेडात भागवतं, पण उन्हाळ्यात त्याची काळजी घ्यावी लागते. संकरित व्हँडा दिसायला सर्वांत देखणे. त्यांची मुळं टोपलीतून हातभर खाली लोंबतात आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा भिजवावी लागतात. नोकरी करणाऱ्या माणसानं या भानगडीत पडू नये. ऑन्सिडियमची बारीक पिवळी फुलं मोहक असतात, झाडही सोशीक. कॅटलियाची फुलं तळहाताएवढी आणि सुवासिक, पण त्यांना उजेड आणि धीर दोन्ही लागतात. लुडिसिया हे ऑर्किड फुलांसाठी नाही तर काळसर मखमली पानांवरच्या लाल रेषांसाठी ठेवतात. अंधाऱ्या खोलीत ठेवायला याहून चांगलं नाही. सिम्बिडियम मात्र टाळावं. सिक्कीम-दार्जिलिंगच्या थंडीतलं ते झाड. त्याच्या कळीला गार रात्री लागतात आणि हिवरखेडला त्याची नुसती पानंच बघावी लागतील. सिक्कीममध्ये पाक्योंगला ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ पासून आहे, ते काही उगाच नाही.

फॅलेनॉप्सिसला दुसऱ्यांदा फूल येत नाही, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. इथे वऱ्हाडची हवा उलट मदतीला येते. २८ अंशांच्या वर हे झाड नुसती पानं वाढवतं. दांडा सुटायला काही आठवडे २५ अंशांच्या खालचं हवामान लागतं. मुंबईच्या घरात हा गारवा मिळणं कठीण. वऱ्हाडात दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागतात आणि डिसेंबर-जानेवारीत पारा १२-१३ अंशांपर्यंतही उतरतो. ऑक्टोबरअखेर झाड खिडकीजवळ उजेडात ठेवलं आणि कडाक्याच्या रात्री थोडं आत सरकवलं, की डिसेंबरच्या सुमारास पानाच्या बगलेतून दांडा डोकावतो. नवं मूळ आणि नवा दांडा यांत गल्लत होते: मुळाचं टोक गुळगुळीत, गोल असतं, दांड्याचं टोक चपटं आणि एका बाजूला कोपरल्यासारखं. दांडा सुटल्यावर कुंडीची दिशा बदलायची नाही, नाहीतर तो वळसे घेत बसतो. अडचण पुढे येते, कारण कळ्या उमलायची वेळ आणि उन्हाचा तडाखा सुरू व्हायची वेळ एकच, फेब्रुवारी-मार्च. कळ्या पिवळ्या पडून गळू लागल्या तर झाड रोगट झालं असं समजू नये. कोरडी हवा लागली एवढाच त्याचा अर्थ. त्या पंधरा दिवसांत ओलाव्याची व्यवस्था केली तर फुलं एप्रिलपर्यंत टिकतात. फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापतात, तिथून कधी पुन्हा फाटा फुटतो. पण उन्हाळा तोंडावर असताना झाडाला दुसऱ्या बहराला जुंपणं योग्य नाही. मुळापासून कापून टाकावा आणि झाडाला पानं वाढवू द्यावीत.

खतासाठी ऑर्किडची महागडी बाटली घेण्याची गरज नाही. कृषी केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे विद्राव्य खत संत्र्याच्या आणि कपाशीच्या फवारणीला घराघरात असतं, तेच चालतं. फक्त हात आखडता हवा. लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मुळं आधी साध्या पाण्यानं ओली करून. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढायची म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. मे महिन्यात आणि कडाक्याच्या थंडीत खत बंद. शेणखत, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण यांनी बुरशी आणि चिलटं येतात, फूल येत नाही.

कीडही ओळखीचीच असते. पिठ्या ढेकूण कपाशीवर जसा तसाच ऑर्किडच्या पानाच्या बगलेत बसतो. खवले कीड पानाच्या खालच्या शिरेवर. उन्हाळ्यात लाल कोळी येतो आणि पान रुपेरी, खरखरीत दिसू लागतं. दोन-चार कुंड्यांसाठी फवारणीचा पंप काढू नये. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं किडी पुसून घ्याव्यात, आठवड्यानं पुन्हा बघावं. निंबोळी अर्क संध्याकाळी, उन्हाआधी कधीच नाही. पान कुजायला लागलं तर निरोगी भागापर्यंत कापून कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावतात. ती बुरशीला आवरते. मुळांवर मात्र पूड टाकायची नाही, ती मुळांना सुकवते. शेतात वापरलेली कीटकनाशकाची बाटली घरातल्या झाडाला वापरणं सर्वांत घातक, आणि ते झाडापेक्षा घरातल्या माणसांसाठी.

रंगीबेरंगी ऑर्किडचं बी म्हणून ऑनलाइन पाकिटं विकली जातात, शंभराला पन्नास बिया वगैरे. ही सरळ फसवणूक आहे. ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं. एका शेंगेत ते लाखोंनी भरतं. त्याला स्वतःचं अन्नच नसतं. रानात विशिष्ट बुरशी त्याला पोसते, तेव्हाच ते रुजतं. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांना हे १८९९ साली उमगलं. अमेरिकेत लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीऐवजी साखर आणि क्षार मिसळलेल्या आगरवर बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून काचेच्या बाटलीतली शेती सुरू झाली. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या पेशींपासून एकसारखी रोपं तयार करण्याची रीत दाखवली. त्यामुळेच एकेकाळी युरोपातल्या उमरावांच्या काचघरात बंद असलेलं झाड आज चार-पाचशे रुपयांत मिळू शकतं. पुण्याजवळ थेऊरला राइज एन शाइन बायोटेक ही कंपनी उतिसंवर्धनातून फॅलेनॉप्सिस वाढवते. महाराष्ट्राच्या बाजारात येणारी रोपं सगळी परदेशातूनच येतात असं नाही.

खरेदीची वेळ ऑक्टोबर ते जानेवारी. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या बंद खोक्यात तीन दिवस प्रवास केलेलं झाड निरोगी वाटलं तरी महिन्याभरात खचतं. दुकानात आधी मुळं बघावीत, फुलं नंतर: टणक, हिरवी-रुपेरी मुळं आणि ताठ पानं असतील तर एकही फूल नसलेलं झाड घ्यायला हरकत नाही, आणि ते स्वस्तही पडतं. सगळी फुलं उमललेल्या झाडापेक्षा अर्ध्या कळ्या असलेलं घ्यावं. शाईसारख्या गडद निळ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस कुणी दुप्पट किमतीत देऊ लागलं, तर दांड्यावर नीट बघावं. कुठेतरी सुईचं भोक सापडतं. पांढऱ्या फुलांच्या झाडात रंग टोचलेला असतो आणि पुढच्या वर्षी येणारी फुलं पांढरीच येतात.